श्वासाच्या टप्प्यातली हवा



शहराची हवा आज कशी आहे, हे आता कुणालाही मोबाइलवर पाहता येतं. चौकातल्या फलकावर आकडा झळकतो आणि त्याच्याबरोबर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१० साली दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ‘सफर’ ही यंत्रणा उभी केली, पुढे ती पुण्यात आणि मुंबईतही आली. २०१५ पासून देशभरासाठी एकच हवा गुणवत्ता निर्देशांक आहे. हवेबद्दल बोलताना सामान्य माणसाच्या हाती आकडा आला, ही मोठी गोष्ट झाली.

दवाखान्यात मात्र हा आकडा पुष्कळदा उपयोगी पडत नाही. दम्याचा रुग्ण सांगतो, “काल संध्याकाळपासून छाती भरून आली, रात्रीत दोनदा पंप ओढावा लागला.” आपण कालचा निर्देशांक काढून बघतो, तर तो ‘समाधानकारक’. रुग्ण खोटं बोलत नसतो आणि यंत्रही बिघडलेलं नसतं. यंत्र एका गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात उभं असतं, तिथली हवा ते प्रामाणिकपणे मोजतं. रुग्ण तिथे राहत नाही, एवढंच. तो सकाळी स्वयंपाकघरात असतो, नऊला सिग्नलवर असतो, दिवसभर गोदामात किंवा वर्गात असतो आणि रात्री डासांची कॉइल लावून, खिडक्या मिटून झोपतो. त्याच्या नाकातोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर जी हवा असते, तीच त्याची हवा. ती मोजायची कशी, मोजल्यावर काय दिसतं आणि जे दिसतं त्याचं करायचं काय, हा आजचा विषय. त्यातही मी प्रौढ दमेकऱ्यांबद्दल बोलणार आहे, कारण दम्याची चर्चा निघाली की ती लहान मुलांपाशी थांबते. मोठ्या वयाचा, पोटापाण्यासाठी रोज बाहेर पडणारा दमेकरी मागे राहतो. भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४० लाख रुग्ण असावेत असा अंदाज आहे.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली आणखी तीन रकाने असत. स्वयंपाक कशावर होतो, काम कुठे करता, आणि जायची-यायची वाट कोणती. त्यांच्याकडे कण मोजायचं यंत्र नव्हतं. पण कुठली हवा मोजायला हवी, हे त्या तीन प्रश्नांत नेमकं आलं होतं.

यंत्र अंगावर घालायची कल्पना दवाखान्यातून आली नाही, ती कारखान्यातून आली. ब्रिटनमधल्या हारवेल इथल्या अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी धुळीची तपासणी खोलीत ठेवलेल्या यंत्रांनी होत असे. १९६० साली शेरवुड आणि ग्रीनहॉल यांनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप कामगाराच्या अंगावर बसवला आणि हवा ओढून घेणारं तोंड त्याच्या कॉलरजवळ आणलं. खोलीतलं यंत्र जे सांगे, त्याहून कामगाराच्या श्वासातली धूळ पुष्कळदा जास्त निघाली. कारण उघड होतं. धूळ त्याच्याच हातून उडत होती आणि तो तिच्यावर वाकून काम करत होता.

आज हे काम करणारं यंत्र साधारण असं असतं. कमरेला किंवा खांद्यावरच्या पिशवीत एक छोटा पंप असतो आणि तो मिनिटाला समजा दोन लिटर हवा ओढतो. त्याची नळी छातीवरून वर येते आणि कॉलरपाशी चिमट्याने अडकवलेली असते. नळीच्या तोंडाशी एक भोवऱ्यासारखी फिरकी असते, तिच्यात हवा गरगरते आणि मोठे कण बाजूला पडतात. २.५ मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाचे कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, पुढे जातात आणि रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या पांढऱ्या फिल्टरवर बसतात. चोवीस तासांत अशा पंपातून २,८८० लिटर, म्हणजे तीन घनमीटरांना थोडी कमी हवा जाते. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण असतील, जी आपल्याकडची दिवसभराची अधिकृत मर्यादा आहे, तर फिल्टरवर जमा होतात जेमतेम १७३ मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही नाही. त्यामुळे फिल्टर वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर ठरावीक तापमानाच्या, ठरावीक दमटपणाच्या खोलीत दिवसभर ठेवायचा, त्यावरचा विद्युतभार उतरवायचा आणि मग मायक्रोग्रॅममध्ये वाचणाऱ्या तराजूवर तोलायचा. बोटाचा नुसता ठसा उमटला तरी वजन फुकट जातं. फिल्टर चिमट्याने उचलून उजेडात धरला की त्याचा रंग दिसतो. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईचा फिल्टर काळा होतो, बांधकामावरच्या गवंड्याचा मातकट करडा. वजन दोघांचं सारखं भरलं, तरी फुप्फुसाच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी एक नाहीत.

फिल्टरची अडचण अशी की तो दिवसाचा एकच आकडा देतो. एखाद्या माणसाने तेवीस तास ४० मायक्रोग्रॅमच्या हवेत काढले आणि एक तास ५२० च्या हवेत, तर त्याची सरासरी येते बरोबर ६०. म्हणजे नियमाच्या आत. पण दमेकऱ्याचा दिवस त्या एका तासात ठरतो. म्हणून दुसऱ्या जातीची यंत्रं वापरतात, ती हवेवर प्रकाशाचा झोत टाकतात आणि कणांवरून किती उजेड विखुरला त्यावरून मिनिटामिनिटाचं प्रमाण सांगतात. त्यांच्यामुळे दिवसाचा आलेख मिळतो, आणि त्या आलेखात माणसाचा दिवस वाचता येतो.

असा एक आलेख मला नेहमी आठवतो. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, दमा जुना. त्यांची खात्री होती की त्रास शाळेच्या रस्त्यावरच्या धुळीचा आहे. आलेखात रस्ता होताच, पण तो मधल्या उंचीचा. सकाळी केर काढण्याची वेळ आणि संध्याकाळी देवापुढे धूप घालण्याची वेळ, हे दोन उंच सुळके होते. फोडणीची वेळ मात्र कोरी होती, आणि ते मला पटेना. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ओट्याशी ती पिशवी मध्येमध्ये येते, म्हणून मी खुंटीला अडकवते.” यात त्यांची काही चूक नाही. यंत्र अंगावर बाळगणं हे कामच आहे, आणि पंपाचा घूं-घूं आवाज वर्गात, बसमध्ये, देवळात सतत सोबत असतो. आता काही यंत्रांत हालचाल ओळखणारी चीप बसवलेली असते, ती पिशवी माणसाच्या अंगावर आहे की खुंटीवर हे सांगते. चीप असो वा नसो, पेशंटशी बसून आलेखावर बोलल्याशिवाय तो आलेख वाचू नये असं मला वाटतं.

केर काढताना सुळका का येतो? खाली बसलेली धूळ आपल्याच हालचालीने उठते आणि आपल्याभोवतीच राहते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहरात १९९० साली १७८ माणसांच्या अंगावर असे पंप लावले होते. मोजले ते १० मायक्रॉनपर्यंतचे कण. दिवसा घरातली आणि बाहेरची सरासरी दोन्ही घनमीटरला ९५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, आणि त्याच वेळी माणसांच्या अंगावरची १५०. घरात ९५, बाहेरही ९५, मग माणूस १५० कुठून आणतो? तो स्वतःचा ढग स्वतःबरोबर घेऊन फिरतो. चालतो, झटकतो, तळतो, चादर पसरतो, गर्दीत मिसळतो. रात्री माणसं निजल्यावर हा ढग विरला आणि अंगावरचा आकडा बाहेरच्या आकड्याच्या खाली गेला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. शहराचा आकडा कितीही अचूक काढला, तरी माणसाचा आकडा त्यातून गणिताने निघत नाही.

आता दमा. दम्यात श्वासनळ्यांचं अस्तर सुजलेलं आणि चिडलेलं असतं, भोवतीचे स्नायू थोड्या कारणानेही आवळतात, चिकट बेडका साचतो. निरोगी माणूस ज्या धुराने दोनदा खोकेल, त्याने दमेकऱ्याची रात्र जाते. शिवाय न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की त्याच हवेतून येणारे अतिसूक्ष्म, म्हणजे ०.१ मायक्रॉनहून लहान, कण निरोगी फुप्फुसापेक्षा दमेकऱ्याच्या फुप्फुसात अधिक प्रमाणात अडकून राहतात. म्हणजे आघात मोठा आणि सोसायची ताकद कमी.

हे माणसांवर प्रत्यक्ष पाहायचं तर काय करावं? लंडनच्या संशोधकांनी त्यासाठी जे केलं, ते साधं होतं आणि म्हणूनच मला ते या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. त्या शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीट नावाचा बाजाराचा रस्ता आहे. ज्या काळातलं हे काम, त्या काळी तिथे खासगी गाड्यांना मज्जाव होता आणि बस नि टॅक्सी धावत, त्या डिझेलवर. जवळच हाइड पार्क आहे, विस्तीर्ण आणि झाडांचं. सौम्य किंवा मध्यम दमा असलेले ६० प्रौढ निवडले. प्रत्येकाने एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायचं आणि निदान तीन आठवड्यांनी हाइड पार्कमध्ये दोन तास. कुणी आधी रस्ता, कुणी आधी बाग, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. चालताना ते कोणती हवा घेताहेत हे त्याच वेळी मोजलं. आधी आणि नंतर काही तास फुंकून घेऊन फुप्फुसाची ताकद मोजली, बेडका तपासला, उच्छ्वासातली आम्लता पाहिली. २००३ च्या नोव्हेंबरपासून २००५ च्या मार्चपर्यंत हे चाललं आणि २००७ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालं.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या फेरीनंतर पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा ६.१ टक्क्यांपर्यंत घटली. बागेतल्या फेरीनंतरची घट त्याहून कमी होती. बेडक्यात दाहाच्या खुणा वाढल्या. मध्यम दमा असलेल्यांना सौम्यांपेक्षा जास्त फटका बसला. आणि यातल्या बहुतेकांना काहीही जाणवलं नाही. धाप नाही, घरघर नाही. फुप्फुस मागे सरकत होतं आणि माणसाला त्याचा पत्ता नव्हता. आपले पेशंट जेव्हा म्हणतात की मला रस्त्याचं काही होत नाही, तेव्हा मला हे आठवतं.

या कामावर एक रास्त आक्षेप आहे. आपण बाजारात चाललोय की बागेत, हे चालणाऱ्याला दिसतच होतं. गोंगाट, गर्दी, मनावरचा ताण, हेही दोन्हीकडे वेगळं होतं. पण त्यांनी हवा माणसागणिक मोजली होती, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारता आला: ज्याच्या वाट्याला जास्त कण आले, त्याची घट जास्त होती का? होती. सगळ्यात सातत्याने संबंध दिसला तो अतिसूक्ष्म कणांशी आणि काजळीतल्या कार्बनशी. फलकावर मिरवणाऱ्या पीएम २.५ च्या वजनाशी तो तितका सातत्याने दिसला नाही.

इथे आकडे नीट पाहायला हवेत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पीएम २.५ होतं घनमीटरला सुमारे २८ मायक्रोग्रॅम, बागेत सुमारे १२. म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. काजळीतला कार्बन रस्त्यावर ७.५ आणि बागेत १.३, म्हणजे जवळजवळ सहापट. अतिसूक्ष्म कणांची संख्या रस्त्यावर घनसेंटीमीटरला ६४ हजारांच्या घरात, बागेत १८ हजारांच्या. आणि आपल्या निर्देशांकात पीएम २.५ तीसपर्यंत असेल तर हवेला ‘चांगली’ म्हणतात. दोन तासांचा आकडा आणि चोवीस तासांची सरासरी यांची सरळ तुलना करू नये, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या रस्त्याने साठ दमेकऱ्यांच्या फुप्फुसांत मोजता येईल एवढी घट आणली, त्या रस्त्याच्या पीएम २.५ ला आपल्या तक्त्यात हिरवा रंग मिळाला असता, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

डिझेलच्या धुराचा हा धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्यात छातीच्या विकारांवर संशोधन करणारे डॉ. संदीप साळवी १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला होते. स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेलं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. १५ निरोगी स्वयंसेवकांना बंद खोलीत एक तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला, घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम कण राहतील असा. नंतर श्वासनळ्या आतून तपासल्या, तर दाहाच्या पेशी वाढलेल्या. निरोगी, तरुण माणसांत, एका तासात. ३०० हा आकडा परदेशी प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करावा लागला होता. आपल्याकडच्या कित्येक चौकांत तो थंडीत आपोआप गाठला जातो.

अतिसूक्ष्म कण तराजूला का दिसत नाहीत, हे शाळकरी गणिताने कळतं. २.५ मायक्रॉनचा एक कण घ्या आणि ०.१ मायक्रॉनचे कण घ्या. घनता सारखी धरली तर त्या एकाच्या वजनाइतकं वजन भरायला छोटे कण लागतात १५,६२५. म्हणजे वजनाने मोजणाऱ्याला धुळीचे चार कण दिसतात आणि इंजिनातून निघालेले हजारो कण निसटतात. प्रकाशावर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या स्वस्त सेन्सरची तर आणखी पंचाईत. ०.३ मायक्रॉनच्या खालचं त्याला जवळपास काहीच दिसत नाही, आणि जाड धूळही तो कमीच धरतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कण ओलावा पिऊन फुगतात, मग तोच सेन्सर जास्त आकडा सांगू लागतो. मी या सेन्सरांच्या विरोधात नाही. एकाच घरात, एकाच ऋतूत, खिडकी उघडल्यावर काय फरक पडला हे ते चांगलं सांगतात. पण आकडा कमी आला म्हणून डिझेलच्या बसमागे उभं राहणं बिनधोक आहे असं समजू नये. तिथे जे धोक्याचं आहे, ते त्या सेन्सरला दिसतच नाही. आपल्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत काजळीतला कार्बनही नाही आणि अतिसूक्ष्म कणांची संख्याही नाही.

दिल्लीत २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी यंत्रं घेऊन रिक्षातून महिनोन्महिने प्रवास केला. रिक्षात बसणाऱ्याच्या श्वासातलं पीएम २.५ शहराच्या पार्श्वभूमीच्या दीडपट होतं. काजळी साडेतीनपटीच्या वर, आणि कणांची संख्या आठपटीच्या वर. तीन मापं आणि तीन वेगळी उत्तरं, एकाच रिक्षात. दिल्लीची रिक्षा तर सीएनजीवर चालते. तिचा दोष एवढाच की ती दोन्ही बाजूंनी उघडी आहे आणि पुढच्या ट्रकच्या धुराच्या नळकांड्याच्या पातळीवर आहे. प्रवासी अर्ध्या तासात उतरतो, चालक दहा-बारा तास तिथेच असतो.

यात आणखी एक हिशेब येतो, तो श्वासाचा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, झपाझप चालणारा त्याच्या तिप्पट-चौपट, ओझं घेऊन चढणारा हमाल त्याहून जास्त. त्याच हवेत गाडीत बसलेला आणि हातगाडी ओढणारा यांच्या फुप्फुसांत सारखे कण जात नाहीत. अंगावरचं यंत्र हवा मोजतं, आत गेलेला डोस मोजत नाही. म्हणून पंपाबरोबर नाडीचा किंवा हालचालीचा हिशेबही ठेवावा लागतो.

घराकडे वळू. आपल्याकडे हा विषय घरातूनच सुरू झाला, आणि त्याचं श्रेय संशोधक कर्क स्मिथ यांना द्यायला हवं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांबरोबर त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीवर रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर पंप लावले. रांधण्याच्या वेळातली धूळ-धुराची सरासरी निघाली घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. यात मोठे कणही धरले आहेत, त्यामुळे तो आकडा आजच्या पीएम २.५ शेजारी ठेवता येत नाही. पण ‘प्रदूषण म्हणजे शहराची चिमणी’ ही जी समजूत होती, ती त्या खेड्यांतल्या फुंकणीने मोडली. २०२० साली स्मिथ गेले. माणसं जिथे आहेत तिथे मोजा, हे ते जन्मभर सांगत राहिले.

शहरी घरात गॅस आला, पण इतर गोष्टी आहेतच. चीन आणि मलेशियातल्या डासांच्या कॉइल तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले. आपल्याकडे ती बंद खोलीत, उशाशी, रात्रभर जळते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर २०१६ साली दिवाळीतले फटाके तपासले. सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले ते आवाज न करणाऱ्या नागगोळीतून, घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत. लवंगीची माळ लागली की आपण मागे सरतो. नागगोळी लावली की सगळे वाकून बघतात, आणि पोराचा हात धरून शेजारी आजोबाही वाकतात. गच्चीवरच्या यंत्राला या अंगणातलं काहीच कळत नाही.

एवढं मोजलं तरी दमा आणि हवा यांचा संबंध लावणं अवघडच असतं, आणि त्याची कारणं पेशंटच्या शहाणपणात आहेत. हवा वाईट वाटली की दमेकरी घराबाहेर पडत नाही. त्यामुळे ज्या दिवशी त्याची तब्येत बिघडलेली, त्याच दिवशी त्याच्या अंगावरचा आकडा कमी. नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की स्वच्छ हवेनेच त्रास होतो. दुसरं असं की छाती भरली की तो निळा पंप, म्हणजे तात्पुरता आराम देणारा इन्हेलर, घेतो, आणि अर्ध्या तासाने फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या नळीत फुंकल्यावर आकडा चांगला येतो. म्हणून फुंकण्याच्या आकड्याइतकाच ‘आज पंप किती वेळा घेतला’ हा आकडा मोलाचा आहे. तिसरं म्हणजे वेळ. धूर आज, आणि त्रास उद्या पहाटे. मघाच्या शाळेतल्या बाईंच्या त्रास नोंदवायच्या वहीत धुपाच्या संध्याकाळी काहीच नसे, दुसऱ्या दिवशी पहाटेची फुंक मात्र कमी भरे. म्हणून या विषयात एका पेशंटची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याचीच त्याच्याशी करतात: तोच माणूस, बरे दिवस आणि वाईट दिवस, वहीसकट, यंत्रासकट, आठवडेच्या आठवडे. या कामाला पैसा लागतो, पण त्याहून जास्त लागतो पेशंटचा विश्वास. तो कुठे गेला, किती वाजता गेला, घरात काय जळतं, हे सगळं त्या आलेखात येतं. ती माहिती त्याची आहे, आणि तिच्यावर पहिला हक्कही त्याचाच.

आता जे सांगायचं आहे ते मनापासून सांगतो. माणसाच्या अंगावर हवा मोजायला लागलं की एक मोह होतो. मोजमाप व्यक्तीचं, मग जबाबदारीही व्यक्तीची. तुम्ही हा रस्ता टाळा, मास्क लावा, सकाळी फिरू नका, घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घ्या. यातला काही सल्ला उपयोगी आहे आणि मीही तो देतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, धूप घालायचाच तर खिडकी उघडून घाला, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या, किंवा ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं. याबरोबर रोजचं प्रतिबंधक औषधही चुकवायचं नाही. हवा मोजणं हा औषधाला पर्याय नाही, आणि आपल्याकडे कितीतरी दमेकरी नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढतात, हे जास्त गंभीर आहे. पण घरातल्या गोष्टी हातात असतात तशा रस्त्यावरच्या नसतात. पुढे लंडनमध्येच साठीपुढच्या ११९ जणांवर तीच दोन वाटांची चाचणी केली, त्यांत निरोगी होते, फुप्फुसाचे आणि हृदयाचे रुग्णही होते. बागेत चालल्यावर फुप्फुसांना जो फायदा झाला, तो रस्त्यावर चालल्यावर बराचसा हरवला. हे ऐकून ‘बागेत चाला’ असं सांगता येतं, पण ज्यांच्याजवळ बाग नाही त्यांना काय सांगणार? आणि ज्याची नोकरीच ऑक्सफर्ड स्ट्रीटसारख्या रस्त्यावर आहे, त्याला?

वाहतूक पोलिसाला चौक बदलता येत नाही. पथारीवाल्याचं गिऱ्हाईक जिथे बस थांबते तिथेच असतं. रिक्षावाला सिग्नलवर मागे थांबला तर मागून हॉर्न वाजतात. यांच्यातले कितीतरी दमेकरी आहेत आणि नोकरी किंवा परवाना जाईल म्हणून ते दमा लपवतात. अंगावरचं मोजमाप सगळ्यात आधी यांचं व्हायला हवं, यांना सल्ला द्यायला नव्हे, रस्त्याचं काय करायचं ते ठरवायला. लंडनने २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर चोवीस तास शुल्क बसवलं. त्यामागे बरीच वर्षं माणसांच्या श्वासाचे असे आकडे साठत गेले होते.

माझी मागणी मर्यादित आहे. महाराष्ट्रातल्या चार-पाच शहरांत, रस्त्यावर काम करणारे प्रौढ दमेकरी त्यांच्या संमतीने घ्यावेत. थंडी, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू त्यांच्या अंगावर पंप असावा आणि त्याच्याबरोबर काजळी मोजणारं छोटं यंत्र. सकाळ-संध्याकाळ फुंकलेल्या आकड्याची आणि निळ्या पंपाच्या फवाऱ्यांची नोंद त्यांच्याच वहीत व्हावी. त्यांचं नाव आणि त्यांचं आजारपण त्यांच्या वरिष्ठांपर्यंत जाऊ नये, अशी लेखी हमी आधी द्यावी. आलेख प्रथम त्यांना समजावून सांगावेत. त्यानंतर फिल्टरांची वजनं आणि काजळीचे आकडे, नावं काढून, महापालिकेच्या परिवहन समितीपुढे आणि वाहतूक शाखेपुढे ठेवावेत, आणि बसथांबा कुठे हलवायचा, डिझेलच्या जुन्या गाड्या कोणत्या रस्त्यावरून आधी काढायच्या, चौकातल्या पोलिसाची पाळी किती तासांची असावी, हे ठरवताना ते समोर असावेत.